बाई आत आहेत

काकूंनी तीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली. निवृत्तीनंतर तपासायला काही उरलं नाही, तेव्हा त्या जिन्यातल्या नोटिशींवर लाल पेन चालवू लागल्या आणि लोक त्यांना पाठीमागे ‘शुद्धलेखनकाकू’ म्हणू लागले. मग मोबाइलवर ते अ‍ॅप आलं. आसपास काही गुन्हा दिसला की खबर टाकायची, ती परिसरातल्या प्रत्येक फोनवर जाते. काकूंना घबाडच मिळालं. वर्षभरात एकेचाळीस खबरी टाकल्या, एकीतही वेलांटी चुकली नाही. त्यांच्या फोनवर नावापुढे ‘दक्ष नागरिक’ असा बिल्ला झळकू लागला. असला बिल्ला कुणालाही मिळतो, पण काकूंनी तो चारचौघांना दाखवला.

समोरच्या इमारतीत, अगदी त्यांच्या खिडकीसमोर, सिस्टर राहायच्या. जन्मभर नर्स होत्या, म्हणून सगळ्यांच्या सिस्टर. दोघी एकट्या, दोघी हट्टी. सकाळचा पेपर आधी काकू वाचायच्या, मग सिस्टर, आणि दुपारी चहावर दोघी मिळून जगाला नावं ठेवायच्या.

त्या दिवशी सव्वादोनला काकू खिडकीशी आल्या, तर सिस्टरच्या गॅलरीतल्या दारापुढे एक अनोळखी माणूस गुडघ्यांवर बसलेला. शेजारी उघडी पिशवी, हातात ड्रिल. घर्रर्र आवाज चालू. तेवढ्यात तो मागे वळून काहीतरी ओरडला. रस्त्याच्या गोंगाटात त्यांना शेवटचं तेवढं ऐकू आलं: “बाई आत आहेत!”

काकूंनी फोन उघडला. यादी आली: चोरी, घरफोडी, मारहाण, छेडछाड, आग. त्यांनी ‘घरफोडी’ निवडलं. ‘उघडतो’ लिहावं की ‘फोडतो’, यावर क्षणभर अडल्या. पण ड्रिलनं कुणी दार उघडतं का? ‘अनोळखी इसम दार फोडतो आहे. बाई आत आहेत.’ पूर्णविराम नीट पडलाय ना ते पाहिलं, आणि पाठवलं. सिस्टरना एक फोन करावा, हे मात्र डोक्यात आलं नाही.

पाच मिनिटांत पंधरा माणसं जिना चढली. दूधवाला, खालच्या व्यायामशाळेतले दोघं, ज्यांना काकू कधी भेटल्या नव्हत्या असे कितीतरी. त्यांनी त्या माणसाची गचांडी धरली.

“अहो, सोडा मला, बाई आत आहेत!” तो कळवळून सांगत होता.

“माहितीये आम्हाला,” दूधवाला म्हणाला आणि त्याच्या तोंडावर एक ठेवून दिली.

पोलीस यायला अर्धा तास लागला. त्या अर्ध्या तासात तो एकच वाक्य सांगत राहिला, आणि ते वाक्य सगळ्यांनी आधीच वाचलेलं होतं. पोलिसांनी त्याच्या फोनवरून परगावी सिस्टरच्या भाच्याला गाठलं, तेव्हा उलगडा झाला. मावशी सकाळपासून फोन उचलत नाही, म्हणून भाच्यानंच या कुलूपवाल्याला पाठवलं होतं. फुटल्या ओठानं त्यानंच मग दार उघडून दिलं. सिस्टर स्वयंपाकघरात पडलेल्या होत्या, श्वास चालू होता. दवाखान्यात नेईपर्यंत तो थांबला. थोडं आधी आणलं असतं तर, असं डॉक्टर म्हणाले म्हणे.

संध्याकाळी काकूंच्या फोनवर आलं: ‘घटना मिटली. तुमच्या दक्षतेबद्दल आभार.’ खाली कुलूपवाल्याचा फोटो, ओठ सुजलेला, आणि त्याखाली लोकांची मुक्ताफळं. चोर सापडला. बाईंना यानंच मारलं. काकूंनी खबर दुरुस्त करायला घेतली, तर मिटलेली घटना बदलता येत नव्हती. असलं यंत्र बनवणाऱ्याला जोड्यानं मारावं. पण काकूंना बोल लावायलाही तोंड नव्हतं. त्या रडल्या, आणि भाच्याला सगळं खरं सांगायचं असं ठरवूनच अंथरुणाला पाठ टेकली.

सकाळी त्या चहाचा थर्मास घेऊन समोर गेल्या. कुलूपवाला दाराला नवं कुलूप बसवत होता. भाचा उंबऱ्यात उभा होता, डोळे लाल.

“काकू, मी कंपनीला फोन केला होता,” तो म्हणाला. “खबर कुणी टाकली ते सांगत नाहीत. नाव गुप्त ठेवतात म्हणे.”

काकूंनी थर्मास दुसऱ्या हातात घेतला. काल रात्री जुळवलेली वाक्यं ओठांशी आलेली, ती तिथंच थबकली. गुप्त. म्हणजे कुणालाच कळणार नाही.

“मला तो माणूस एकदा भेटायला हवा,” भाचा म्हणाला. “तुम्ही समोरच असता. तुम्हाला काही दिसलं का?”

“नाही रे बाळा,” काकू म्हणाल्या. “दुपारी माझा डोळा लागला होता.”

कुलूपवाल्याचा हात थांबला. त्यानं मान वर करून काकूंकडे पाहिलं, मग त्यांच्या खिडकीकडे, आणि पुन्हा काकूंकडे.

“नाही, साहेब,” तो भाच्याला म्हणाला. “या जाग्या होत्या. खिडकीत उभ्या होत्या. मदतीला या म्हणून मी यांनाच ओरडून सांगत होतो.”