पडद्यामागून वाचलेली वही

पंचवटीतल्या तीर्थोपाध्याय गोविंदगुरुजींच्या वंशावळीच्या वहीत यजमानांचे इतके पूर्वज कोंबलेत, की ती उघडली की आतून खोकण्याचा आवाज येतो. खोटं वाटत असेल तर कान लावून बघा. सगळी नावं मोडी लिपीत, आणि सगळी पुरुषांची. बायकांची नावं लिहायची या घराची रीतच नाही.

दहा वर्षांपूर्वी गुरुजींची नजर गेली. तेव्हापासून ते ओटीवर जुनं पंचांग उघडून बसायचे. खरी वही पडद्यामागे थोरल्या लेकीच्या, संपदाच्या मांडीवर. ती कुजबुजायची, गुरुजी मोठ्यानं म्हणायचे. यजमान म्हणायचे, या वयात काय ही नजर!

परवा गुरुजींनी वही पुतण्याला, गौरांगला द्यायचं ठरवलं. त्याला मोडीचं एक अक्षर येत नाही. संपदानं आतून वाचावं, त्यानं बाहेर म्हणावं, असा बेत. धाकटी वैष्णवी ओझरच्या विमान कारखान्यात आहे. ती भडकली, "ताई, पंख जोडताना मला कुणी पडद्यामागे उभं करत नाही. तू कशाला बसतेस?"  संपदाच्या त्या दिवसाच्या पोळ्या इतक्या कडक झाल्या, की रामकुंडावरच्या कावळ्यांनीही तोंड फिरवलं.

सोमवारी निफाडकडच्या लंकाबाई मुलाला घेऊन आल्या. नवरा गेलेला, त्याचं नाव वहीत चढवायचं होतं. गौरांग पाटावर बसला, पंचांग उघडलं. आतून आवाज येईना. तो खोकला. पुन्हा खोकला. शेवटी मनानंच रामजी, लक्ष्मणजी सुरू केलं.

"आमच्यात असली नावं नाय कुणाची," लंकाबाई म्हणाल्या.

गुरुजी घामाघूम. "संपदा, वाच गं."

तिनं पडदा असा ओढला की दांडीच खाली आली. वही काखेत घेऊन ती ओटीवर उभी राहिली.

"आतून वाचायचं संपलं, बाबा. पाट द्या, नाहीतर यालाच वाचू द्या."

"लोक काय म्हणतील?"

"लोक म्हंजी आमीच ना?" लंकाबाई म्हणाल्या. "वाच, पोरी."

गुरुजींनी चाचपडत गौरांगच्या हातातलं पंचांग मिटलं. मग म्हणाले, "गौरांग, ऊठ."

संपदानं सात पिढ्या धडाधड वाचल्या. लंकाबाईंच्या नवऱ्याचं नाव लिहिलं. मग न विचारता शेजारी लंकाबाईंचं. टाक एवढ्या रागानं दाबला, की ते नाव खालच्या पानांवरच्या सातही पिढ्यांवर उमटलं.

जाऊन बघा. अजून तिथंच आहे.