माहेरचं दळण

धोंड्याचा महिना, म्हणजे अधिक मास, तीन वर्षांतून एकदा येतो. एरवी ज्याला कुणी विचारत नाही त्या जावयाला या महिन्यात सासरी बोलावतात, पाटावर बसवतात, पुरणाचे धोंडे तुपात बुडवून खाऊ घालतात आणि वर कपडे करतात. मी शालिग्राम, लग्नाला बरीच वर्षं झालेला जावई. मानाच्या बाबतीत मी फार हळवा आहे हे आधीच सांगून टाकतो. मान मिळाला नाही की मी रुसतो, आणि माझं रुसणं कुणाच्या लक्षात आलं नाही तर तेही मीच सांगतो.

यंदा मात्र रुसायलाही जागा नव्हती. सासू-सासरे वारले. मानोऱ्याकडच्या त्यांच्या घराला कुलूप आहे. माझ्या बायकोचं, मनकर्णाचं, माहेर म्हणजे आता एकटा धाकटा भाऊ हरीओम. तो पुण्याकडे कंपनीत कामाला, आणखी तिघांबरोबर एका खोलीत राहतो. तिथं जाऊन मी कुठल्या पाटावर बसणार होतो?

मनकर्णानंही हे समजून घेतलं होतं. घोळ घातला तो वैभवीनं. वैभवी म्हणजे माझ्या धाकट्या भावाची बायको. तिचं माहेर मालेगावचं आणि चांगलं भरलेलं. महिना लागला तसा माझ्या भावाला सफारीचं कापड आलं, अंगठी आली, वैभवीला साडी आली आणि गल्लीत वाटायला टोपलीभर अनारसे आले. आमच्या वाट्याचे अनारसे द्यायला ती आली आणि उंबऱ्यावरून वळून म्हणाली, "ताई, तुमच्या माहेरून काई आलं नाई का अजून?"

"येऊन राह्यलं," मनकर्णा म्हणाली.

काहीही येत नव्हतं. वैभवी गेल्यावर मनकर्णा मोरीत जाऊन घासलेलीच भांडी पुन्हा घासायला बसली. "मायबाप गेले का माहेर सरते, असंच म्हनतीन आता समद्या," ती भांड्यांना सांगत होती. मला तिची कीव आली आणि हरीओमचा राग आला. मी अंगणात जाऊन त्याला फोन लावला आणि जावयानं जेवढं बोलावं त्यापेक्षा थोडं जास्तच बोललो.

"भाऊजी, पगाराले टाइम हाये अजून," हरीओम म्हणाला. "पन थांबा, माह्याजवळ क्रेडिट कार्ड हाये ना! पाच हजार टाकतो आत्ताच. तुमचे कपडे, ताईची साडी. वरतून मले पॉइंट बी भेटते."

"पॉइंटाचं काय करतं तू?"

"आखीन थोडे झाले का मिक्सर येते."

ज्याच्या घरात बायको नाही, ओटा नाही, त्याला मिक्सर कशाला, हे मी विचारलं नाही. पैसे येत होते.

थोड्या वेळानं त्याचाच फोन. "भाऊजी, जाऊन नाई राह्यले. कार्डाचे पैसे मानसाले जात नाई. दुकानालेच जाते."

"म्हंजे मी मानूस हाये हे चुकलं का माह्यं?"

"तसं नाई भाऊजी, कायदाच तसा हाये. तुमी असं करा, गावातल्या एखाद्या दुकानाच्या स्कॅनरचा फोटो काढून पाठवा. मी तिथं टाकतो, थो तुमाले नगद देईन. हाये काय त्यात!"

आमच्या गावात स्कॅनर असलेली ठिकाणं तीन. किराणावाल्याशी मी ग्रामपंचायतीच्या निवडणुकीपासून बोलत नाही. कृषी केंद्रवाला कुलूप लावून लग्नाला गेलेला. उरली हेमसिंगची चक्की. हेमसिंग तांड्यावरचा, सरळ मनाचा माणूस. मी चक्कीवर गेलो, स्कॅनरवरचं पीठ फुंकून झाडलं आणि फोटो काढून हरीओमला पाठवला. हेमसिंगला काहीएक सांगितलं नाही. जावयानं आपल्या आहेराची चर्चा चक्कीवाल्याशी कशाला करायची, असा माझा तोरा.

चक्कीवर बायांची रांग होती आणि त्या रांगेत वैभवीही होती. मी मुद्दाम तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो. आणि तेवढ्यात भिंतीवरचा स्पीकर चक्कीच्या वर आवाज काढून ओरडला, "पाच हजार रुपये प्राप्त झाले!"

त्या स्पीकरनं जन्मात साठ-सत्तरच्या वर आकडा उच्चारला नव्हता. बाया माना वर करून पाहायला लागल्या. हेमसिंगनं चक्की बंद केली आणि उन्हानं यंत्र बिघडलं की काय म्हणून स्पीकरला हात लावून पाहिला.

"माहे हायेत थे," मी ऐटीत हात पुढं केला. "साळ्यानं पाठवले. धोंड्याचे. आन इकडं."

हेमसिंगनं मोबाइल डोळ्यांजवळ नेऊन बराच वेळ वाचला. "शालिग्रामभाऊ, हे त कार्डाचे हायेत."

"मंग?"

"मंग नगद नाई देता येत. हा स्पीकर बसवाले आला थ्या पोरानं मले बजावून सांगतलं. कार्डाचे पैसे आले का माल द्या, काम करून द्या, पन नगद देऊ नका. देल्ले त स्पीकर काढून नेतीन." त्यानं स्पीकरकडं असं पाहिलं, जणू त्याच्या घरातलं माणूसच कुणी नेत होतं. "तुमी काम सांगा. म्या करून देतो."

"चक्कीवर काय काम असते?"

"दळन."

"अबे, पाच हजाराचं दळन असते का कुठी?"

"पाच रुपये किलोनं दहा क्विंटल होते," हेमसिंग म्हणाला. त्यानं हिशोबही करून ठेवला होता.

मी त्याला समजावलं, दटावलं, शेवटी हात जोडले. तो माझ्यापुढं हात जोडून उभा राहिला, पण गल्ल्यात काही हात घालेना. हरीओमला फोन लावला तर तो म्हणाला, वापस करायला सांगा, आठ-दहा रोजांनी कार्डावर येतात. तोवर धोंड्याचा महिना उलटून जाणार होता. आणि रांगेत वैभवी पदर तोंडाला लावून अशी हसत होती की तिच्या कमरेवरच्या डब्यातले गहू हलत होते.

ही बातमी माझ्या आधी घरी पोचली. मनकर्णा दारातच बसली होती.

"माह्या माहेरून दळन आलं?" तिनं विचारलं.

"दळन नाई," मी खरं ते सांगितलं, "नुसती दळणावळ. दळाचे पैसे तेवढे आले, गहू आपलेच न्याचे हायेत."

ती रडली. मी तिला रागावताना पाहिलंय, भांडताना पाहिलंय, पण बसल्या जागी अशी मुकाट रडताना फार कमी वेळा पाहिलंय. मला फार वाईट वाटलं. आणि मला वाईट वाटलं की मी चिडतो, म्हणून मी तिच्यावरच चिडलो आणि ती जेवली नाही.

सकाळी मी घरातले दोन कट्टे गहू मोटारसायकलवर टाकून चक्कीवर नेले. मनकर्णा मागून पायी आली. दोन्ही कट्टे दळून झाले तरी हेमसिंग म्हणाला, "बम पैसे उरले अजून, चार हजाराच्या वर." उन्हाळ्यात एवढं पीठ घरात ठेवलं तर त्यात अळ्या होतात. मी डोकं धरून बसलो.

तेवढ्यात वैभवी कालचं राहिलेलं दळण घेऊन आली. पिठाच्या कट्ट्यांकडं पाहून म्हणाली, "ताई, माहेरचं पीठ लय गोड लागत असन, नाई?"

मनकर्णाचा चेहरा लाल झाला. आता इथं भांडण होणार म्हणून मी उठून उभा राहिलो. पण ती वैभवीकडं वळलीच नाही. रांगेत पुढं एक म्हातारी डबा घेऊन उभी होती, तिला म्हणाली, "काकू, डबा ठेवा काट्यावर. पैसे द्याचे नाई. यंदा अधिकाचं वाण माह्या माहेरून हाये. माह्या भावानं समद्या गावाच्या दळनाचे पैसे भरले."

अधिकात बाया वाण देतात, म्हणजे अनारसे किंवा बत्तासे ताटात घेऊन कुणाला तरी दान करतात. दळणाचं वाण कुणी दिल्याचं आमच्या पंचक्रोशीत ऐकिवात नव्हतं. म्हातारीनं हेमसिंगकडं पाहिलं. हेमसिंगनं स्पीकरकडं पाहिलं. मग म्हणाला, "काम हाये. काम चालते." वैभवी मात्र आपला डबा उचलून तशीच घरी गेली.

तासाभरात अख्खा गाव चक्कीवर लोटला. मनकर्णानं घरून हळदीकुंकवाचा करंडा मागवला आणि ती चक्कीच्या दारात बसली. येईल त्या बाईला कुंकू, मग डबा काट्यावर. कुंकू कुणाला लावायचं आणि कुणाला नाही, हा विचार तिनं पहिल्या काही बायांनंतर सोडूनच दिला आणि सगळ्यांना लावत सुटली. बौद्धवाड्यातल्या दुर्गाबाई आल्या. म्हणाल्या, "कुकू नोको बाई, दळन चालते." मनकर्णा म्हणाली, "बसा मंग, पानी त प्या." दोघी अर्धा तास बोलत बसल्या आणि रांग अडली.

गैरफायदा घेणारेही होतेच. एकजण म्हशीचा भरडा घेऊन आला. हेमसिंग कधी नव्हे तो तापला, "म्हशीले वाण नसते!" पण मनकर्णा म्हणाली, म्हशीचं दूध आपल्याच पोटात जातं, घ्या. दुसरा हळकुंडं घेऊन आला, त्याला मात्र दोघांनी मिळून हाकललं.

मी काय करत होतो म्हणाल, तर डबे उचलत होतो. काट्यावर ठेवायचे, काट्यावरून काढायचे, पीठ भरलेले परत द्यायचे. दुपारपर्यंत माझ्या भुवयासुद्धा पांढऱ्या झाल्या. "जावयाले पोशाख त झाला बाप्पा, पांढराफेक!" एक बाई म्हणाली आणि सगळी रांग हसली. एरवी मी या शब्दावर महिनाभर रुसलो असतो. पण हातात वीस किलोचा डबा असताना रुसता येत नाही.

हरीओमचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा मनकर्णानं मोबाइल उंच धरून त्याला रांग दाखवली. बाया त्याला मोबाइलमध्येच आशीर्वाद देऊ लागल्या. कुणी लग्न होवो म्हणाली, कुणी पगार वाढो म्हणाली. तो कंपनीची टोपी घालून नुसता पाहत राहिला. "ताई, येवढ्या जनी कोन हायेत?" त्यानं विचारलं. "तुह्या बहिनी," मनकर्णा म्हणाली. तिचा आवाज असा भरून आलेला मी बऱ्याच दिवसांनी ऐकला, आणि यावेळी ती रडत नव्हती.

दिवे लागायच्या वेळेला रांग संपली. हेमसिंग चक्की झाडायला लागला आणि तेवढ्यात वैभवी आली. तोच डबा, तीच साडी, पण मान खाली. दिवसभर गावात तिला प्रत्येकीनं विचारलं असणार, तू नाही गेलीस का म्हणून. तिनं डबा काट्यावर ठेवला आणि मनकर्णापुढं कपाळ केलं.

मनकर्णानं कुंकू लावलं. हेमसिंगनं डबा पाहिला आणि मान हलवली. "सरले वहिनी. तुमच्या भावाचे पैसे सरले. याच्या आधीच्या डब्यालेच सरले."

मनकर्णाचा हात करंड्यातच राहिला. अख्ख्या गावाला पुरलेलं तिचं माहेर नेमकं या एका डब्याला कमी पडत होतं, आणि तेही वैभवीच्या. "राहू द्या ताई," वैभवी म्हणाली. तिच्या बोलण्यात आता टोमणा नव्हता, आणि त्यामुळेच ते ऐकवत नव्हतं. मी गप्पा मारत थांबलेल्या बायांच्या पाठीमागून गेलो, खिशातली शंभराची नोट काढून हेमसिंगच्या हातात कोंबली आणि डोळ्यांनीच सांगितलं, दळ.

हेमसिंगला डोळ्यांची भाषा येत नाही. त्यानं नोट वर धरली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "शालिग्रामभाऊ, हे त तुमचे नगद झाले. हे वहिनीच्या माहेरचे म्हून कसे धरू म्या?"

चक्की बंद होती, त्यामुळं शब्द न् शब्द ऐकू गेला. वैभवीनं माझ्याकडं पाहिलं, उरलेल्या बायांनी पाहिलं. या माणसाला उचलून चक्कीच्या दगडांच्या मधे टाकावं असं मला वाटलं. मनकर्णा उठली, पदरानं हात पुसले, आणि माझ्या पिठानं माखलेल्या कपाळाला कुंकवाचं बोट लावलं.

"धरा हेमसिंगभाऊ," ती म्हणाली. "माह्या माहेरचाच मानूस हाये थो."

हेमसिंगनं यावर जरा विचार केला आणि चक्की सुरू केली. मी वैभवीचा डबा उचलला. बोलायला गेलो असतो तर रडू आलं असतं, आणि एवढ्या बायांसमोर जावयाला ते शोभत नाही.