देवाची वागूर

मित्रांनो, मी वागूर आहे, पाखरं धरायचं जाळं. पण मला हात लावायचा तर आधी पाय धुवून या! बाळकुमच्या खाडीकाठी माझा धनी धाकूबाबा, त्याच्या बापानं मला सुतात विणलं, ऐनाच्या झाडाच्या सालीत उकळून पक्कं केलं. वर्षातून एकदाच, माघात, मी कांदळवनाच्या कडेला उभी राहायची. माझ्यात सापडलेली पाणकोंबडी शिवेवरच्या देवाला जायची. हा मान चुकला तर घराला बाधतं, असं धाकूबाबा मानायचा. घरच्या रक्ताशिवाय मला कुणी शिवायचं नाही. त्याचा मला केवढा तोरा होता म्हणून सांगू!

पुढे मिठागरं गेली, तिथं टॉवर आले. मी मात्र दर माघात बाहेर निघत राहिले.

यंदा धाकूबाबानं मला संध्याकाळी लावलं आणि रात्री त्याचा चुलतभाऊ सखाराम वारला. सुतक लागलं. सुतकात देवाच्या वस्तूला हात लावत नाहीत. सकाळी माझ्यात पाणकोंबडी अडकली आणि तिच्यावर झडप घालायला आलेली पाणघारही अडकली. थंडीत लांबून येणारं हे शिकारी पाखरू, हल्ली आमच्या खाडीवर एखादंच दिसतं. पाणघार जसजशी तडफडली तसतशी मी आवळत गेले. बाई गं, तिच्या पंखाचं हाड मोडलं ते मला कळलं.

टॉवरमधल्या ऋजुतानं ते बाल्कनीतून पाहिलं. जखमी पाखरं वाचवायचं काम ती करते. कात्री घेऊन ती धाकूबाबाच्या दारात आली. जाळं कापू द्या, नाहीतर वनखात्याला कळवते म्हणाली. भावकी खवळली. आमचा पिढीजात मान आहे, बाल्कनीत बसून उंटावरून शेळ्या हाकू नका, असं तिला सुनावलं. ऊन चढत गेलं. धाकूबाबा मान खाली घालून बसला होता. घार मरेल याची त्याला भीती होती आणि देव कोपेल याचीही.

शेवटी तो म्हणाला, "बायजाला बोलवा. पोर माझीच, पन दिल्या घरची. तिला सुतक नाय."

बायजा ठाकुर्लीहून येईपर्यंत दुपार झाली. गुडघाभर चिखलात उतरून तिनं आजानं मारलेल्या गाठी कापल्या. मला दुखलं, खोटं कशाला बोलू? पाणकोंबडी केव्हाच मेली होती. पाणघारीला ऋजुतानं टॉवेलात गुंडाळून नेलं.

दहाव्याला सुतक फिटलं, घरात अंघोळी झाल्या. त्याच संध्याकाळी ऋजुता आली. पाणघार वाचली नव्हती. ऋजुता भांडायला आली नव्हती, नुसती रडत होती.

धाकूबाबा म्हणाला, "आमच्या जाल्यात मेली. तिचंबी सुतक धरीन मी."

भावकीतलं कुणी हसलं नाही. देवाचा मान यंदा द्यायचा राहून गेला.

मित्रांनो, फाटलेली मी आता माळ्यावर पडून आहे. मला पुन्हा सांधू नका, देवासाठीसुद्धा नाही. मला धरायला शिकवलं, सोडायला कुणी शिकवलं नाही. सोडायला माणसाचे हात लागतात, आणि त्या दिवशी ते दुपारपर्यंत आले नाहीत.