मनकर्णाबाईंचं कुलूप

"काकू, तुमी दर रविवारी सगळ्या साइटची कॉपी आणखी कुठी पाठवता का?" लॅपटॉपवरून मान वर न करता आकांक्षानं विचारलं.

"मी? मले फोटो चढवता येतो न् फोन लावता येतो. कॉपी कशाची न् काय!" पोहे परतता परतता मनकर्णाबाई आतून म्हणाल्या.

अमरावतीच्या त्या दोन खोल्यांत सकाळपासून वेबसाइटचं बिऱ्हाड हलवायची तयारी चालली होती. जुन्या कंपनीचा सर्व्हर असा नाठाळ, की लग्नसराई आली की हमखास मान टाकायचा. साइटला जागा देणाऱ्या ज्या नव्या होस्टिंग कंपनीकडे जायचं, आकांक्षा तिथंच कामाला. तिचं स्वतःचं दुसरं लग्न बाईंनीच जमवलेलं, म्हणून मुद्दाम रजा टाकून आलेली. सामान हलवण्याआधी घरात काय काय आहे ते बघून घ्यावं, तसं ती जुन्या जागेवर एकेक तपासत होती.

बाईंची साइट विधवा आणि फारकत झालेल्या बायकांच्या सोयरिकींची. वऱ्हाडात पाट लावायला, बाईचं दुसरं लग्न करायला, आता कोणी नाही म्हणत नाही हो, पण त्यासाठी पोरीचा फोटो फिरवायचा म्हटलं की भलेभले बाप मागे सरतात. शेजारीपाजारी काय म्हणतील? आणि जुना नवरा कुठून उगवेल? म्हणून बाईंनी आपला एक नियम केला होता. फोटो आणि नंबर कुलपात. दोन्ही घरं हो म्हणाली की बाई स्वतः ते कुलूप उघडणार, तेही त्या एका स्थळापुरतं. अंगणवाडीत जन्म गेलेली ही बाई, तिच्या नुसत्या शब्दावर लोक घरातली झाकली गोष्ट तिच्या हाती देत होते.

"हे पाहा, कोन्या दुसऱ्याच साइटवर जाऊन राह्यली कॉपी," आकांक्षा म्हणाली आणि तिनं ती साइट उघडली.

बाई हात पुसत बाहेर आल्या. पडद्यावर गुलाबी फुलं, आणि फुलांखाली पहिलाच फोटो चंदाचा. चांदूर रेल्वेच्या सूर्यभानजींची मुलगी. खाली नाव, गाव, मोबाईल नंबर. ना कुलूप, ना कडी. खाली सरकत जावं तशा एकामागून एक बाईंच्याच साइटवरच्या सगळ्या पोरी.

"बाप्पा!" बाई पडद्याशी वाकल्या.

"काकू, पासवर्ड कोनाकोनाजवळ हाय?"

"माह्याजवळ. अन् विपुलजवळ."

विपुल म्हणजे बाईंच्या बहिणीचा मुलगा. आई गेली तेव्हापासून याच घरात वाढला, शिकला, मग अकोल्याला कॉम्प्युटरचं दुकान टाकलं. साइट त्यानंच बांधून दिली होती. घरच्या पोरापासून काय लपवायचं, म्हणून बाईंनी सगळ्या किल्ल्या खुशाल त्याच्याकडे राहू दिल्या. होस्टिंग बदलते म्हटलं तेव्हा तो सारखा म्हणत होता, "काहून बदलतं मावशी? चालून राह्यली न मस्त!" बाईंना वाटलं, पोराचा आपल्या हातच्या कामावर जीव आहे. काय भोळी बाई!

"पासवर्ड बदलून टाक," त्या म्हणाल्या. "अन् काहीच हलवू नको. पहिले लोकायले विचारते. ज्यायनं हो म्हटलं त्यायचंच सामान नव्या जागी नेऊ."

पोहे तसेच झाकून ठेवून त्या अकोल्याच्या एसटीत बसल्या. मूर्तिजापूर येईपर्यंत त्या विपुलच्याच बाजूनं मनाशी भांडत होत्या. पोराला कोणी तरी फसवलं असेल. त्याचा कॉम्प्युटर कोणी तरी चोरून वापरला असेल. त्याला कळलं तर तोच आपल्याआधी संतापेल.

विपुलनं दुकानात त्यांना वाकून नमस्कार केला आणि चहा सांगितला.

"विपुल, ते गुलाबी फुलायची साइट कोनाची?"

"माहीच हाय," तो म्हणाला. थोडा चाचरला, एवढंच. त्याला खोटं बोलायचीही गरज वाटली नाही, आणि तेच बाईंच्या जिव्हारी लागलं. "मावशी, आजकाल फोटो पाह्यल्याबिगर लोक फोनच नाई लावत. तू कुलपं लावून बसतं. मी उघडं ठेवलं तं रोज किती लोक येऊन राह्यले. पोरीयचंच भलं हाय न त्याच्यात!"

"चंदाचा जुना नवरा दारू पिऊन तिच्या माहेरी दगडं मारे. घरच्यायनं गाव सोडलं, चांदूरले आले, नंबर बदलला. तो नंबर तू चव्हाट्यावर मांडला, लेका!"

"ते मले काय माहीत?"

"तुले माहीत नसावं म्हूनच तं कुलूप होतं!"

विपुलचं तोंड उतरलं. त्यानं कॉम्प्युटर ओढला, खटाखट बटणं दाबली. "हे घे. केली बंद. आता कोनाले नाई दिसत."

"अन् ज्यायनं फोटो न् नंबर उतरवून घेतले त्यायचं काय?"

चहा आला, विपुलनं कप मावशीपुढं सरकवला. मग तो खुर्ची जवळ ओढून हळूच म्हणाला, "मावशी, कोनाले सांगू नको. आपल्या घरातली गोष्ट हाय. सांगशीन तं तुह्यावर कोनी भरोसा नाई करनार. बोलशीन तवा ना कळन लोकायले!"

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. लहानपणी ज्याला तापात कुशीत घेऊन त्या बसल्या होत्या ते हेच पोर. त्यांना रडू यायला हवं होतं, पण नुसता संताप आला. विपुलचा आणि त्याहून जास्त स्वतःचा. कारण क्षणभर त्याचं म्हणणं त्यांना पटलं होतं.

त्यांनी पर्समधून मोबाईल काढला.

"मावशी, ऐक न..."

सूर्यभानजींनी फोन लगेच उचलला. "बाई, तुमी! अवं आयकलं का, अमरावतीच्या बाईचा फोन हाय! ते टीव्ही बंद कर पहिले!"

उगाच हालहवाल विचारायला मनकर्णाबाई कुणाला फोन करत नसत. त्यांचा फोन आला की स्थळ आलं, हे एव्हाना साऱ्यांना ठाऊक होतं. पलीकडे टीव्ही गप्प झाला, खुर्च्या सरकल्या, कुणी तरी कुणाला तरी ढोसलं आणि हसलं.

"बोला बाई, स्पीकरवर टाकलं हाय. सारे आयकून राह्यले. चंदा लाजून आत पळते म्हंते. जाऊ देऊ का?"

समोर विपुल हात जोडून मान हलवत होता.

"नको," बाई म्हणाल्या. "तिले बसू द्या. तिलेच सांगाचं हाय."

"हाव काकू, बसली मी," चंदा म्हणाली. तिच्या आवाजात हसू मावत नव्हतं. "सांगा न."

बाईंनी सांगायला सुरुवात केली.