जाऊन या हं, पाहुणे

आमच्या लॉजमध्ये चपला काढायच्या जागेवर भिंतीला एक कागद चिकटवलेला आहे. माझ्या बायकोनं, हात्सुएनं, तीस वर्षांपूर्वी तो ब्रशनं लिहिला. 'बेटावर आलाच आहात, तर या सात गोष्टी करूनच जा.' जमिनीतून येणाऱ्या वाफेवर अंडी उकडा, लाव्हाखाली गाडलेली शाळा पाहा, समुद्राकाठच्या गरम कुंडात बसा, असं काय काय. पाहुणे तो वाचायचे, फोटो काढायचे आणि निघायचे फिरायला.

आणि बाई स्वतः? सातातली एकही गोष्ट तिनं केलेली नव्हती. पाहुणे डोंगरावर चढले की ही त्यांच्या गाद्या उन्हात टाकायची. पाहुणे कुंडात डुंबत असले की ही मासे साफ करत बसलेली. मीही कधी म्हटलं नाही, चल गं, आज आपण जाऊ. मला माझी होडी होती, जाळी होती, आणि संध्याकाळी पिण्याची घाई होती. खोटं कशाला बोलू?

तिचं विसरणं माझ्या लक्षात उशिरा आलं. त्याला कारणही तसंच. बायको मला 'अहो' म्हणते आणि पाहुण्यांनाही 'अहो'. मला 'तुम्ही', त्यांनाही 'तुम्ही'. ती 'अहो, आंघोळीचं पाणी तापलंय' म्हणायची, मी टॉवेल घेऊन जायचो. मला काय ठाऊक की ती ते नवऱ्याला सांगत नाहीये! मग एके दिवशी तिनं जेवणाचं ताट माझ्यापुढं ठेवलं, नीट वाकली आणि म्हणाली, "पाहुणे, कुठून आलात? बोट लागली नाही ना?"

मी चिडलो. "अगं, शुद्धीवर आहेस का? तोकुजी आहे मी!" असा ओरडलो की तिच्या हातातली वाटी पडली. त्या ओरडण्याची लाज मला अजून वाटते.

वसंतात ती घरातून निघून गेली. डोंगराच्या ज्या बाजूला विषारी वायू येतो आणि जायला बंदी आहे, त्या बाजूला. मी दुपारचा झोपलो होतो. पाच तासांनी सापडली, हातात पाहुण्यांच्या उशांचे अभ्रे. मास्क नाही, काही नाही. वारा उलटा होता म्हणून वाचली. त्यानंतर आरोग्य केंद्रातल्या नर्सबाईंनी आमच्या लेकीला, नागिसाला, फोन केला. बेटावर अशा माणसांना ठेवायची सोय नाही. नागिसानं तोक्योत तिच्या घराजवळ एका संस्थेत जागा मिळवली.

"बाबा, तुम्हीही चला," ती म्हणाली. "माझ्याकडे राहा. रोज आईकडे जाता येईल."

"मी गेलो तर घर बंद पडेल," मी म्हणालो. "ती परत येणार कुणाकडे मग?"

 नागिसाला खरं कारण माहीत होतं. डोंगर फुटला तेव्हा सगळं बेट रिकामं केलं होतं आणि आम्ही चार वर्षं तोक्योत, अकराव्या मजल्यावर काढली. तिथं मी माणसांत राहिलो नव्हतो. सकाळपासून पीत बसायचो, खिडकीशी जायचो आणि खाली बघायचो. हात्सुएनं मला तिथून अक्षरशः ओढून काढलं. पुन्हा तिकडं जायचं नाव निघालं की मी आजही विषय बदलतो.

आता एक गोष्ट सांगतो, हसलात तरी चालेल. आमच्या धक्क्यावर निरोपाचा शब्द कुणी उच्चारत नाही. बोटीवर चढणाऱ्यानं म्हणायचं, 'जाऊन येतो'. धक्क्यावरच्यानं म्हणायचं, 'जाऊन या'. बेट रिकामं केलं तेव्हा आम्ही सगळे 'जाऊन येतो' म्हणून चढलो आणि परत आलो. शेजारचा एइकिची तेवढा 'संपलं सगळं' म्हणून चढला, त्याचा नुसता अस्थिकलश परत आला. आता त्याला हृदयविकार होता, हे मलाही कळतं. पण मला हात्सुएच्या तोंडून तो शब्द हवा होता. बोटीवर चढताना तिनं 'जाऊन येते' म्हणावं, बस. बाकी माझं काही मागणं नव्हतं.

बोट शुक्रवारी दुपारची होती. बुधवारी सकाळी मी भिंतीवरचा कागद काढला, घडी करून खिशात घातला आणि म्हणालो, "चल गं. आज गाद्या राहू देत."

"आणि पाहुणे?"

"आज आपणच पाहुणे."

तिला ते इतकं आवडलं की ती चांगली टोपी शोधायला आत गेली.

वाफेच्या जागी लाकडी झाकणाच्या पेट्या आहेत. मी टोपलीत अंडी ठेवली, वर रताळी टाकली. ती माझ्या हातावर फटका मारून म्हणाली, "रताळी खाली! कुणी शिकवलं तुम्हाला? अंडी फुटतील ना!" जन्मात पेटी उघडली नव्हती, पण हजारो पाहुण्यांना सांगून सांगून तिला सगळं पाठ. अंडं सोलून तिनं आधी मला दिलं. मग स्वतः खाल्लं, डोळे मिटून.

"मी सगळ्यांना सांगायची, छान लागतं म्हणून," ती म्हणाली. "खरंच छान लागतं हो."

मी उठून जरा लांब गेलो. वाफेनं डोळ्यांत पाणी येतं, हे बरं असतं तिथं.

दुपारी शाळेकडं गेलो. काळ्या दगडात अर्धी इमारत रुतलेली, वरच्या मजल्याच्या खिडक्या तेवढ्या बाहेर. लाव्हा आला त्या वर्षानंतर हात्सुए इकडं फिरकलीच नव्हती. तिसऱ्या खिडकीशी ती थांबली.

"हा माझा वर्ग. इथं नाओ बसायची, नाक पुसायची बाहीला." मग ती माझ्याकडं वळली आणि तिच्या डोळ्यांत ती होती, पूर्ण, पहिल्यासारखी. "अहो, मला पाठवताय ना तुम्ही?"

मी म्हणालो, "पाठवत नाही. जाऊन यायचं आहे फक्त."

"आणि तुम्ही?"

"मी धक्क्यावर. कुणीतरी नको का?"

"भित्रे आहात," ती म्हणाली. रागानं नाही, भाजीत मीठ कमी आहे म्हणावं तसं. "त्या अकराव्या मजल्याला अजून घाबरता. मी होते ना तिथं?"

मी तिचा हात धरला. आत्ताच सांगावं, येतो मी, असं मनात आलं. जीभ उचलली नाही. तेवढ्यात तिनं माझ्या हातातून हात हळूच सोडवून घेतला, परक्या माणसानं धरला तर सोडवतात तसा, आणि विचारलं, "जेवायला किती माणसं आहेत आज?"

त्या संध्याकाळपासून मी तिच्याकडून घोकून घ्यायला लागलो.

"बोटीवर चढताना काय म्हणायचं?"

"जाऊन येते."

"परत सांग."

"जाऊन येते! मी काय पहिलीत आहे?" आणि हसायची. वीस वेळा विचारलं असेल, वीसही वेळा बरोबर.

गुरुवारी नागिसा आली. तिनं आईला पोहायचे कपडे घालून दिले आणि मी हात्सुएला कुंडात नेलं. समोर समुद्र, भोवती काळे खडक, डोक्यावर ओला टॉवेल ठेवून ती बसली. गालांवर मुलीसारखा रंग चढला होता.

"पाहुणे," ती म्हणाली, "तुमच्या मिसेस नाही आल्या?"

या वेळी मी चिडलो नाही. "आली आहे की."

"दिसत नाहीत."

"जरा पलीकडं गेली आहे."

"येतील हो," तिनं मला धीर दिला. "कुठं जातात आपल्याला सोडून?"

डोंगरावर चढायचं राहिलं, माझा गुडघा ऐकेना. बाकी जमेल तेवढं केलं. यादीतली सातवी गोष्ट शुक्रवारची होती: 'निघताना कागदाची फीत धरायला विसरू नका.' फितीचं एक टोक बोटीवरच्याच्या हातात, दुसरं धक्क्यावरच्याच्या. बोट सुटली की फीत ताणते आणि तुटते. हात्सुएनं चाळीस वर्षं प्रत्येक पाहुण्यासाठी ती धरली, धक्क्यावरचं टोक. पावसातसुद्धा.

शिडीशी मी तिला थांबवलं. "काय म्हणायचं?"

ती बोटीकडं बघत राहिली. मागं माणसं खोळंबली. नागिसा हळूच म्हणाली, "बाबा, जाऊ द्या ना." ती आईला दंडाला धरून वर घेऊन गेली. हात्सुएनं तोंडातून अवाक्षर काढलं नाही.

मी म्हटलं, ठीक आहे, वरून म्हणेल. कठड्याशी दोघी दिसल्या. पिवळी फीत तिच्या हातात, दुसरं टोक माझ्या. दोर सोडणारा गेनपाची शेजारी उभा होता. भोंगा झाला. मी ओरडलो, "हात्सुए! काय म्हणायचं?"

तिनं खाली पाहिलं. हातातली फीत पाहिली, फितीच्या टोकाला उभा असलेला मी पाहिला, आणि तिचा चेहरा एकदम उजळला. आपलं काम काय ते तिला आठवलं होतं. टोपी काढून ती जोरजोरात हलवत, चाळीस वर्षांच्या त्या खणखणीत आवाजात ओरडली,

"जाऊन या हं, पाहुणे! नीट जा! पुढच्या वेळी मिसेसना घेऊन या!"

नागिसानं तोंड फिरवलं. गेनपाची आपल्या बुटांकडं बघायला लागला.

फीत ताणत चालली होती. ती वाट बघत होती, उत्तराची. पाहुण्यानं उत्तर दिल्याशिवाय ती धक्का सोडत नाही, मी तिला कितीदा हाका मारायचो घरी यायला. आता कठड्यावर वाकून, फीत घट्ट धरून, ती माझ्या तोंडाकडं बघत होती. मी तिथं उभा, कुठंही न निघालेला माणूस.

"येतो!" मी ओरडलो. आवाज फाटला. "जाऊन येतो!"

तिनं समाधानानं मान हलवली आणि फीत तुटली.

बोट टेकाडाआड जाईपर्यंत मी उभा होतो. मग तिकिटाच्या खिडकीशी गेलो. आतल्या बाई मला त्यांच्या लहानपणापासून ओळखतात.

"तोकुजीकाका, कुठं निघालात?"

"पुढची बोट कधी आहे?" मी विचारलं. "एक द्या. जायचं."

"आणि यायचं?"

धक्क्यावर असं कुणी बोलत नाही, पण मी बोललो. "यायचं नको," म्हणालो. पाहुणा म्हणून का होईना, तिला म्हटलं होतं ना, येतो.