सख्खे छर्रे

मुलीने मुठीतला छर्रा गेजखाली धरला, काटा पाहिला आणि छर्रा तिसऱ्या डब्यात टाकला.

“थांब,” काकू म्हणाल्या. “मुठीत कधीपासून होता तो?”

“मघापासून. का?”

“हाताच्या उबेने पोलाद फुगतं. निवला की हाच दुसऱ्या डब्यात जाईल.”

बेअरिंगच्या या कारखान्यात काकूंची हयात गेली होती. छर्रा केसभर मोठा निघो की लहान, इथे कुणी नाक मुरडत नसे. फक्त एका बेअरिंगमधले सगळे एकाच मापाचे लागत. एका डब्यातले ते सख्खे, शेजारच्या डब्यातले ते चुलत. सख्ख्यांत एखादा चुलत शिरला, की भाऊबंदकी सुरू आणि बेअरिंगची कुरकुर.

मुलगी काकूंच्या नवऱ्याची, पहिल्या बायकोची. साहेबांची मनधरणी करून काकूंनी तिला इथे आणलं होतं, आणि आज तिची परीक्षा होती. अख्खं खातं त्यांना काकू म्हणे, मुलगी तेवढंही म्हणत नसे. घरात कायम “अहो, ऐका ना.” वागण्यात कसूर नाही, उलट उत्तर नाही, पण आई हा शब्द काही तिच्या तोंडून फुटला नाही. तो ऐकायला काकूंचा जीव तळमळायचा.

मुलीने वाद घातला नाही. तिने तिसरा डबा सरळ ताटलीत ओतला.

“अगं, सगळाच कशाला?”

“किती चुलत घुसलेत कुणास ठाऊक.”

छर्रे निवू दिले, मग चिमट्याने एकेक उचलून ती पुन्हा मापत बसली. जेवणाची सुट्टी झाली तरी मान वर नाही. भरलेला डबा आपणहून ओतायची छाती काकूंना पहिल्या दिवशी झाली नसती. त्या कौतुकाने बघतच राहिल्या.

दुपारी साहेबांनी त्याच डब्यातले छर्रे घालून बेअरिंग जुळवलं आणि कानाशी धरून फिरवलं. काकूंनी उचललेला छर्रा मुठीतच राहिला. बेअरिंग फिरत होतं. हूं की चूं नाही.

“उद्यापासून ये,” साहेब मुलीला म्हणाले. मग दोघींचे चेहरे आळीपाळीने न्याहाळत त्यांनी काकूंना विचारलं, “सख्खी का हो तुमची?”

खरं काय ते सांगून टाकावं म्हणून काकूंनी तोंड उघडलं.

“एकाच डब्यातल्या आहोत, साहेब,” मुलगी म्हणाली.

साहेब हसत पुढे गेले. मुलीने चिमटा उचलला आणि तिचं लक्ष काकूंच्या मिटलेल्या मुठीकडे गेलं.

“खाली ठेव तो, आई. फुगला असेल.”