होय, हा गेम मला झेपतो

मित्रांनो, मी नऊ वर्षांचा कॉम्प्युटर आहे. आमच्या जातीत या वयाला म्हातारा म्हणतात. म्हणोत बापडे.

एका दुकानदाराने सुटे भाग जोडून मला तयार केले आणि मी शिलाई मशिनी दुरुस्त करणाऱ्या एका बाईंच्या घरी आलो. त्यांच्या दोन्ही मुली माझ्यावरच टायपिंग शिकल्या. थोरलीने नर्सिंगच्या प्रवेशाचा अर्ज माझ्यावर भरला, तेव्हा घरात सगळे माझे गुण गात होते. मग ती शिकायला दूर गेली आणि माझ्यावर धूळ चढली. मुलींचे वडील मला भंगारात द्यायचे म्हणू लागले.

तिकडे थोरलीचे मन रमेना. फोनवर 'बरं आहे' म्हणायची आणि लगेच फोन ठेवून द्यायची. एकदा तिनेच धाकटीला सांगितले, की दोघींनी मिळून खेळायचा एक गेम आहे, बेटावर घर बांधायचे. "मी मैत्रिणीच्या लॅपटॉपवरून खेळीन, पण आपल्या कॉम्प्युटरला झेपेल का, ते आधी बघ."

धाकटीने गेमला काय काय लागते ते कागदावर उतरवले आणि शेजारी माझी माहिती लिहू लागली. मित्रांनो, मी काहीही लपवले नाही. प्रोसेसर? पुरेसा. ग्राफिक्स कार्ड? जेमतेम, पण चालेल. जागा? जुने व्हिडिओ पुसले की होईल. मेमरी? आठ जीबी हवी, माझ्याकडे चार. धाकटीचे तोंड उतरले. वडील म्हणाले, मी आधीच सांगत होतो.

आईने मात्र तो कागद हातात घेतला.

"कमी काय आहे ते कळलं ना? मग अर्धं काम झालं."

त्यांनी माझे झाकण उघडले, मशिनी साफ करायच्या ब्रशने पंख्यातली धूळ काढली. मेमरीची एक खाच रिकामीच होती. दुरुस्तीच्या दुकानातून जुळणारी जुनी पट्टी आणून त्यांनी तिथे बसवली.

रविवारी दुपारी गेम सुरू झाला. चित्रे सगळ्यात साध्या दर्जावर ठेवावी लागली. झाडे जरा पुसट दिसत होती. पण मी एकदाही अडखळलो नाही. थोरलीने पहिलीच भिंत वाकडी बांधली. धाकटी हसली आणि माझ्या स्पीकरमधून थोरलीही हसली. कितीतरी दिवसांनी.

"पुढच्या रविवारी छप्पर घालू," थोरली म्हणाली.

मित्रांनो, एखाद्या यंत्राला काम झेपेल का, असा प्रश्न पडला तर वयावरून ठरवू नका. नीट तपासा, आणि महिन्यातून एकदा त्याच्या पंख्यावरून ब्रश फिरवत जा. बेटावरचे घर आता दोन मजली झाले आहे, आणि बांधता बांधता थोरली वॉर्डातल्या गमती सांगत असते.